कोरडे हात

१

नळ सोडायचा, हात ओले करायचे, साबण लावायचा आणि वीस आकडे मोजायचे. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट आणि अंगठा. अंगठा सगळे विसरतात. सगळं जग अंगठा विसरतं आणि ताप आला की पाण्याला नावं ठेवतं. अकरा वर्षं मी हे दारोदार सांगत फिरते आहे. लोक मान डोलावतात आणि मी जिन्यावरून खाली उतरायच्या आत त्याच हातांनी काकडी चिरायला घेतात.

मी आरोग्य खात्याच्या साथरोग कचेरीत आहे. दवाखान्यात टायफॉईडचा रोगी सापडला की आमच्याकडे चिठ्ठी येते. चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाऊन मी विचारते, गेल्या तीन आठवड्यांत काय खाल्लंत, पाणी कुठलं, रांधतं कोण, घरी कोण येऊन गेलं. तक्ता भरते. निघताना घरातल्या प्रत्येकाच्या हातात लाल झाकणाची बाटली ठेवते आणि सांगते, उद्या सकाळच्या शौचाचा नमुना यात. लोक बाटलीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. वस्तीत मला बाटलीवाली बाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण मी काही बहिरी नाही.

हा जंतू हवेतून येत नाही. तो एकाच्या पोटातून निघतो, त्याच्या हाताला लागतो आणि दुसऱ्याच्या तोंडात जातो, एवढाच त्याचा लाजिरवाणा रस्ता. कधीकधी ताप बरा होऊन वर्षं उलटलेली असतात, माणूस ठणठणीत असतो आणि जंतू त्याच्या पित्ताशयात बिऱ्हाड करून बसलेला असतो. त्याला स्वतःला काही होत नाही. तो ज्यांना वाढतो त्यांना होतं. अशा माणसाला आम्ही वाहक म्हणतो. वाहक शोधायचा, हेच माझं खरं काम.

आता एक लाजेची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आम्ही कचेरीतले सहा जण, कुणी घरोघरी फिरतो, कुणी नमुने हाताळतो, म्हणून वर्षातून एकदा आमचेही नमुने तपासायचा नियम आहे. आमचा शिपाई रोज सकाळी पावणेसातला मोकळा होतो, बारा महिने, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. त्याला आम्ही घड्याळ म्हणतो. नियम लागू झाला त्या वर्षी कुणीतरी थट्टेत म्हणालं, "घड्याळाकडे मुबलक आहे, आपण कशाला त्रास घ्या." थट्टेची रीत झाली. सहा बाटल्या, सहा नावं आणि माल एकाच माणसाचा. मी दारोदार ज्या गोष्टीसाठी लोकांना झापते, तीच मी स्वतः एकदाही दिलेली नाही. अकरा वर्षं आम्ही सहाही जण घड्याळाच्या पोटाने निरोगी होतो.

लहानपणी मला एकवीस दिवसांचा ताप आला होता, असं माझी आई सांगायची. तक्त्यात तोही रकाना असतो. माझा तक्ता कुणी भरला नाही.

२

पहिलं घर शिंप्याचं. पुढच्या खोलीत मशीन, मागे स्वयंपाकघर, मधे पडदा. शिंप्याची बायको दवाखान्यात होती. म्हातारी आई कोपऱ्यात बटणं निवडत बसली होती.

मी कुठल्याही घरात गेले की आधी हात धुवायला नळ विचारते. माझे हात अस्वच्छ असतात म्हणून नव्हे, लोकांनी बघावं म्हणून. शिंपी उठला तसं म्हातारी म्हणाली, "त्यांना कशाला दाखवतोस? त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी गेल्या की सरळ आत."

"कुठल्या दिवशी, आजी?"

"झाले की पंधरा दिवस. तुम्ही आलात, नळ सोडलात. किती वेळ वाजत होता. मी म्हटलं, पाणी काय फुकट येतं का? मग पडद्यातून बाहेर आलात आणि सूनबाईने ठेवलेल्या भांड्यातून पाणी घेऊन प्यायलात."

शिंपी ओशाळला. "आईचं मनावर घेऊ नका, बाई. कालची गोष्ट तिला आठवत नाही."

"कालची नाही आठवत," म्हातारी म्हणाली. "पंधरा दिवसांपूर्वीची आठवते. हात कोरडे होते यांचे. एवढा वेळ नळ सोडून हात कोरडे. म्हणून तर लक्षात राहिलं."

मी हसले. मी चिठ्ठी आल्याशिवाय कुठल्याही घरी जात नाही, आणि पंधरा दिवसांपूर्वी या घरात कुणी आजारी नव्हतं. बाहेर आल्यावर वही उघडली. माझी वही चोख असते. त्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कचेरीत तक्ते जुळवत बसले होते. तक्त्याच्या शेऱ्यात लिहिलं, वृद्ध महिला, स्मरणशक्ती कमी. तेवढ्याने माझं समाधान झालं. लेखी झालं की माझं नेहमी होतं.

३

दुसरं घर निवृत्त मास्तरांचं. हे गृहस्थ भिंतीवरच्या कॅलेंडरवर सगळं टिपून ठेवायचे. गॅस कधी आला, बायकोचा रक्तदाब किती, कुणाला किती वाजता फोन केला. नातवाला ताप होता. मी दारात उभी राहिले तर मास्तर म्हणाले, "या. या वेळी बाटल्या आणल्यात का?"

"या वेळी म्हणजे?"

त्यांनी चष्मा लावला आणि मला कॅलेंडरपाशी नेलं. सोळा तारखेच्या चौकोनात मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, बाटलीवाल्या बाई आल्या. हात धुतले. कलिंगड चिरून दिले. बाटली दिली नाही. पुढे त्यांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"कलिंगड मी चिरलं?"

"हिचा हात दुखत होता. तुम्ही म्हणालात, द्या इकडे." मास्तरांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

मी सरळ विचार करायला लागले, कारण सरळ विचार करण्याचाच मला पगार मिळतो. माझ्यासारखी दिसणारी एखादी बाई खात्याचं नाव सांगून घराघरांत शिरते. चोर असेल. पण चोरीला काही गेलेलं नव्हतं. वेडी असेल. पण मग मास्तर, जे रक्तदाबाचा आकडाही विसरत नाहीत, ते माझ्या चेहऱ्याला कसे फसले? मी विचारलं, "ती बाई मीच होते, हे नक्की?"

"नक्की. कपाळावरचा तो व्रण नाही का." त्यांनी चष्मा काढला. "एक मात्र मला खटकलं होतं, ते लिहिलं नाही. तुम्ही इतका वेळ हात धुतलेत आणि मी पुढे केलेला टॉवेल तुम्हाला लागलाच नाही."

वहीत सोळा तारीख काढली. कचेरी. दिवसभर कचेरी. माझंच अक्षर, माझीच सही. मास्तरांचं अक्षरही खरं आणि माझंही. या वेळी शेऱ्यात काय लिहावं सुचलं नाही, म्हणून रकाना कोरा सोडला.

कचेरीत आल्यावर लॅबमधल्या भिंगाला हे सांगितलं. सूक्ष्मदर्शकात डोकं घालून असतो म्हणून त्याला भिंग म्हणतात. तो म्हणाला, "ताई, तुमच्यासारख्या दोन असतील तर मग खात्याचं भलंच आहे. एका पगारात दोन." मीही हसले. माझ्या बोटांना साबणाचा वास येत होता आणि तरी मी उठून पुन्हा हात धुऊन आले.

४

मग वसतिगृह झालं. कामकरी मुलींचं, तीन मजल्यांचं. एका आठवड्यात एकोणीस मुली तापाने पडल्या. आता हे घर राहिलं नव्हतं, बातमी झाली होती. साहेबांचा फोन दिवसभर वाजत होता.

वसतिगृहात रांधायला एकच बाई होती. रुंद हाडाची, कमी बोलणारी. तिचं स्वयंपाकघर मी बघितलं आणि मनातल्या मनात शरमले, माझंही इतकं स्वच्छ नसतं. भांडी पालथी, फडकी उकळलेली, नळाशी साबण आणि नखांचा ब्रश. तीन दिवस तिने तीन नमुने दिले, मुकाट्याने, वेळेवर. तिन्ही स्वच्छ निघाले.

साहेब म्हणाले, "उगम काय लिहिणार?"

"साहेब, उगम सापडला नाही."

"एकोणीस पोरी आडव्या पडल्या आणि उगम सापडला नाही, असं वर कळवू मी? तिला कधी ताप आला होता?"

"चार वर्षांपूर्वी, असं तीच म्हणाली."

"मग झालं तर. तीन वेळा स्वच्छ आला म्हणजे चौथ्यांदा येईलच असं नाही, हे तुम्हीच शिकवता ना लोकांना?"

शिकवते. आणि खरं आहे ते. वाहकाच्या नमुन्यात जंतू रोज दिसत नाही. मी चौथ्यांदा बाटली घेऊन गेले, पाचव्यांदा गेले. अगदी हात धुऊन तिच्या मागे लागले. पाचव्या वेळी तिने बाटली घेतली आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"बाई, एक विचारू? तुम्ही तुमची बाटली देता का?"

"दरवर्षी," मी म्हणाले. "नियमच आहे."

"तुमची स्वतःची?"

मी तक्त्यावरची तारीख तपासली. ती ओट्याकडे बघत म्हणाली, "पोरी पडायच्या दोन आठवडे आधी तुम्ही इथे आला होतात. दुपारची वेळ होती. मी काकडी चिरून परातीत ठेवली होती. तुम्ही म्हणालात, हात धुते. नळ सोडलात. मी मागे वळून पाहिलं तर पाणी नुसतं पडत होतं आणि तुम्ही हात बाजूला धरून उभ्या होतात. तोंडाने आकडे मोजत होतात. वीस झाल्यावर नळ बंद केलात आणि परातीत हात घालून काकडी कालवलीत. तळापासून. नीट."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही सरकारी माणूस. मला वाटलं, तपासणीचीच काही रीत असेल."

मी तेव्हा काय करायला हवं होतं ते मला माहीत आहे. त्याच संध्याकाळी एक बाटली घ्यायची, माझी, खरी, आणि भिंगापुढे ठेवायची. पण खरी बाटली ठेवली की अकरा वर्षांच्या खोट्या बाटल्या वर येणार. सहा जणांच्या नोकऱ्या, घड्याळाचं पेन्शन. बाहेर खासगी लॅबमध्ये द्यावी, तर शहरातल्या कुठल्याही लॅबमध्ये टायफॉईड निघाला की चिठ्ठी आमच्याकडेच येते, थेट माझ्या टेबलावर. सगळा रस्ता मीच बांधलेला होता.

मी उगमाच्या रकान्यात स्वयंपाकीणबाईंचं नाव लिहिलं. संशयित वाहक, पूर्वी ताप. दुसऱ्या दिवशी तिला काढलं. पुन्हा कुठल्या स्वयंपाकघरात उभं करू नये, असा खाली शिक्का असतो, तोही मीच मारला. पिशवी घेऊन निघताना ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं आता शिव्याशाप देणार. ती एवढंच म्हणाली, "घरी लहान मूल आहे ना तुमच्या? जपा."

५

आहे. चार वर्षांची छकुली. नवरा दुसऱ्या गावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. दिवसभर छकुलीला सासूबाई सांभाळतात. सासूबाईंची जीभ तिखट आणि जीव मऊ. मला म्हणतात, "तू जगाला हात धुवायला शिकवतेस आणि घरी आलीस की मला शिकवतेस. चाळीस वर्षं रांधतेय, अजून कुणी मेलं नाही."

छकुली अशक्त पोर. जन्मापासून वजन भरत नाही. डॉक्टरांनी बजावून ठेवलं आहे, हिला जुलाब, ताप, काही परवडायचं नाही. म्हणून संध्याकाळचं जेवण मीच भरवते, मऊ भात, एकेक घास. घासागणिक एक लबाडी करावी लागते. चिमणीचा, ससोबाचा, डॉक्टरकाकांचा.

वसतिगृहाची फाईल बंद झाली, त्यानंतरच्या बुधवारी मी नेहमीसारखी सहा वाजता घरी आले. हात धुतले. वाटी घेऊन बसले. छकुलीने तोंड फिरवलं.

"पोट भरलं."

"काय खाल्लंस?"

"भात. मघाशी भरवलास ना."

"मी?"

"तू." ती चित्र रंगवत होती, मान वर न करता म्हणाली, "आज ससोबाचा घास नाही दिलास. नुसतेच दिलेस. खूप खूप दिलेस."

सासूबाई देवघरातून बाहेर आल्या. "अगं, मला वाटलं तू आलीस. नळ वाजला, भांडं वाजलं. हाक मारली तर ओ नाही. म्हटलं डोकं दुखत असेल. मग परत कुठे गेली होतीस?"

मोरीत वाटी पडली होती. वाटीच्या आत चार बोटांनी निपटल्याच्या रेघा होत्या. मी वाटी उकळत्या पाण्यात टाकली. मग ओटा पुसला, नळाची तोटी पुसली, दाराची कडी पुसली. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

रात्री झोपवताना मी छकुलीला विचारलं, "बाळा, मघाशी भरवताना माझे हात कसे होते?"

तिने थोडा विचार केला. "खरखरीत. कोरडे."

मी कॅलेंडरवर त्या बुधवारी एक टिंब काढलं. जंतू पोटात गेल्यापासून ताप यायला एक आठवडा ते तीन आठवडे, असं मी लोकांना सांगते. एवढ्या वर्षांत प्रथमच मला कळलं, ऐकणाऱ्याला ते कसं ऐकू येतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःची बाटली भरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. नोकरी गेली तर जाऊ दे, पण मीच असेन तर मला घरापासून लांब राहता येईल, औषध घेता येईल, छकुलीलाही आधीच काहीतरी देता येईल. चोर सापडला की घर वाचतं. मी बाटली कागदात गुंडाळून लॅबमध्ये गेले आणि भिंगापुढे ठेवली.

"हे काय?" तो म्हणाला.

"माझा नमुना. खरा. घड्याळाचा नाही."

"ताई, सकाळी आठ वाजता तर देऊन गेलात."

मी आठ वाजता बसमध्ये होते.

"असंच म्हणालात तेव्हाही. घड्याळाचा नको, माझा स्वतःचा घे. मी म्हटलं, ताईंना काय झालं अचानक?" त्याने जंतू वाढवायच्या थाळ्यांच्या खोलीकडे बोट केलं. "लावलासुद्धा. नोंद झाली."

"तो फेकून दे. हा लाव."

"एका माणसाचे दोन नमुने एका नावावर लागत नाहीत, नियम तुम्हालाच पाठ आहे." मग त्याने उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "आणि हे घड्याळाचं प्रकरण तुम्ही मोठ्याने बोलू नका. सहा घरं उघड्यावर आणाल. माझं एक त्यात आहे. माझीही दोन पोरं आहेत, ताई."

"माझी एक आहे," मी म्हणाले. "तिच्यासाठीच म्हणतेय. पाया पडते तुझ्या."

त्याला खरोखर वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मग त्याने माझी बाटली उचलली आणि जंतुनाशकाच्या बादलीत सोडली. ती तळाला जाईपर्यंत आम्ही दोघंही तिच्याकडे बघत होतो.

तीन दिवसांनी माझ्या टेबलावर कागद आला. माझं नाव, नोंदणी क्रमांक, खाली गोल शिक्का. जंतू आढळले नाहीत. सदर कर्मचारी निरोगी. एवढा शुद्ध कागद मी आजवर कुणाचा पाहिला नव्हता. मी साहेबांकडे गेले. सगळं बोलले. शिंपी, मास्तर, स्वयंपाकीणबाई, घड्याळसुद्धा. साहेबांनी शांतपणे ऐकलं, तो कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "बाई, चार दिवस रजा घ्या."

७

बाराव्या दिवशी छकुलीला ताप भरला. आधी थोडा, मग पायरी पायरीने चढत गेला. हा ताप जिना चढावा तसाच चढतो, हेही मीच लोकांना सांगत असते. दवाखान्यात रक्त घेतलं. चिठ्ठी आमच्या कचेरीत आली. पत्ता माझा.

स्वतःच्या घरचा तक्ता स्वतः भरायचा नसतो, पण साहेब म्हणाले, भरा, बाकी कोण मोकळं आहे. मी भरला. पाणी कुठलं. काय खाल्लं. घरी कोण येऊन गेलं. उगमाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

साहेबांनी त्यावर रेघ मारली. "तुम्ही कागदोपत्री निरोगी आहात. घरी रांधतं कोण?"

"सासूबाई."

"वय? पूर्वी कधी ताप?"

"साहेब, नका."

"मुलीला डॉक्टरांनी औषध सुरू केलंय, ती बरी होईल. पण तक्ता कोरा वर पाठवता येत नाही. बाई, हे तुम्हाला मी सांगायला हवं का?"

मी लिहिलं. सवयीचाच तो रकाना. संशयित वाहक. नमुने येईपर्यंत स्वयंपाकघरात प्रवेश नाही.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मग त्यांनी कागद वाचला आणि माझं अक्षर ओळखलं. तिखट जिभेची बाई गप्प झाली की घर फार मोठं वाटतं. त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला अडकवला आणि बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, मांडीवर हात ठेवून. चाळीस वर्षं रांधलेले हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांच्याकडे बघून मला त्या दिवशी पिशवी घेऊन निघालेली स्वयंपाकीणबाई आठवली आणि मी मान फिरवली.

छकुलीला मीही हाताने भरवत नव्हते. मोजे घालून, चमच्याने, लांबून. ती रडायची. "तू खोटी भरवतेस," म्हणायची. औषध चालू होतं पण ताप उतरत नव्हता, आणि चमच्याचं ती ओकून टाकत होती. डॉक्टर म्हणाले होते, पोटात काही राहिलं नाही तर कठीण आहे.

त्या दुपारी उन्हं पडद्याच्या खालून आत आली होती. मी पलंगाशी स्टुलावर बसले होते, मोजे काढून, दोन्ही हात मांडीवर, कशालाही न लावता. दारातून मला सासूबाई खुर्चीवर दिसत होत्या. घराचं दार आतून बंद होतं. घरात आम्ही तिघी.

स्वयंपाकघरात नळ सुटला.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी इथे होते. त्या तिथे होत्या. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो आणि कुणीच उठलं नाही. पाणी मोरीच्या पत्र्यावर एकसारखं पडत होतं, मधे हात आले की आवाज तुटतो तसा एकदाही न तुटता. मी मनात मोजत होते. सहा. सात. या आवाजाला काहीतरी कारण असेल, वायसर गेला असेल, पाण्याचा दाब वाढला असेल. अकरा. बारा. आज कुठली चिठ्ठी आली होती का? एकोणीस. वीस.

नळ बंद झाला. भांडं वाजलं.

पलंगावरून स्वयंपाकघराच्या दाराची फक्त कडा दिसते. त्या कडेला आधी वाटी आली, मग वाटी धरलेला हात. मनगटावर माझं घड्याळ. माझ्या अंगठ्यावरचा भाजल्याचा डाग. हात कोरडा होता, बोटांच्या बेचक्यांत पांढरट, महिनोन्महिने पाणी न लागल्यासारखा. बाकीचं अजून दाराच्या आड होतं.

मला उठायचं होतं. मी छकुली आणि ते दार यांच्या मधे उभी राहणार होते, एवढंच करायचं होतं मला, त्यासाठी दुसरं काहीही गेलं तरी चाललं असतं. मी मांडीवरचे हात उचलले. ते ओले होते. मनगटापर्यंत ओले, बोटांच्या टोकांवरून पाणी गळत होतं, आणि त्यांना साबणाचा वास येत होता. मी त्यांच्याकडे किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक.

"आली," छकुली म्हणाली. आठ दिवसांत पहिल्यांदा ती हसली. मग तिने उशीवरून मान उचलली आणि तोंड उघडलं.